निंबवनाला कुलूप लागलं तेव्हा

मित्रांनो, उघडणं हेच ज्याचं काम, असा मी एका सरकारी बागेचा जुना लोखंडी दरवाजा आहे. सोलापूर शहर जिथे विरळ होत जातं आणि होटगीकडे जाणारा रस्ता सुरू होतो, तिथे डाव्या हाताला आमची बाग आहे. तिचं नाव निंबवन. माझ्या दोन्ही झडपांवर गंज चढला आहे, खालची एक बिजागरी झिजली आहे आणि कोणी ढकललं की मी लांबलचक कुरकुरतो.

तुम्ही म्हणाल, दरवाजाला कसलं आलंय आयुष्य? येणाऱ्याला आत घ्यायचं, जाणाऱ्याला बाहेर सोडायचं. खरं आहे. पण माझ्या आयुष्यात एक काळ असा आला, की आत कोणी येत नव्हतं आणि बाहेर कोणी जात नव्हतं. त्या काळात माझ्यासमोर जे घडलं, ते कोणाला तरी सांगावं असं फार दिवस मनात आहे.

माझा जन्म अक्कलकोट रस्त्यावरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवलं महेश्वर नावाच्या कारागिरानं. त्याला दिलेल्या कागदावर नुसत्या उभ्या गजांचं चित्र होतं. महेश्वरनं मात्र आपल्या मनानं जाड पत्र्यातून कडुनिंबाची पानं कापली आणि माझ्या वरच्या पट्टीवर एकेक करून जोडली. ही नसती उठाठेव कोणी सांगितली, असं शेडच्या मालकांनी विचारलं. तेव्हा तो हातातलं काम न थांबवता म्हणाला, "नुसतं गज तर तुरुंगाला बी असत्यात की. ह्यो बागेचा हाय, ते वळखू यायला पायजे." पानं तशीच राहिली. मला हिरवा रंग दिला गेला, आणि बैलगाडीत आडवा घालून मला इथे आणलं.

तीसेक वर्षांपूर्वी मला दोन दगडी खांबांत बसवलं, तेव्हा आत बाग नव्हतीच. मुरमाड माळ होता आणि त्यावर चारशे खड्डे होते. प्रत्येक खड्ड्यात वीतभर उंचीचं निंबाचं रोप. मी या माळाची राखण करायची म्हणजे नक्की कशाची, ते मला कळत नव्हतं. रस्त्यानं जाणारे लोकही हसायचे. या मुरमात झाडं जगली तर आमच्या गच्चीवरही जगतील, असं म्हणायचे.

रोपांना पाणी घालायला रहिमतुल्ला नावाचा बावीस वर्षांचा तरुण रोजंदारीवर आला. आमच्याकडचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेल. चैत्रातल्या दुपारी माझ्या गजाला हात लावला तर चटका बसतो. अशा उन्हात रहिमतुल्ला पलीकडच्या विहिरीवरून कावडीनं पाणी आणायचा. प्रत्येक रोपाला एक तांब्या. रोप मोठं झालं की दोन तांबे. दुपारी त्याची बायको सायराबानू डबा घेऊन यायची. तेव्हा आत सावलीच नव्हती, म्हणून दोघं माझ्याच सावलीत बसून जेवायची. गजांची सावली ती केवढी! पट्ट्यापट्ट्यांचं ऊन अंगावर घेऊन दोघं भाकरी खायची.

चार वर्षांनी झाडं माझ्याएवढी झाली. दहा वर्षांनी ती माझ्यावरून रस्त्याकडे डोकवायला लागली. मग विंधन विहीर आली, पंप आला, रहिमतुल्लाच्या हाताखाली पाच माळी आले. झाडांमधून त्यानं एक गोल पायवाट आखली. दोरीनं मोजून ती बरोबर चारशे मीटरची केली. त्याची नोकरी कायम झाली नाही, पण चावी त्याच्याच कमरेला राहिली. पहाटे साडेपाचला तो मला उघडायचा. संध्याकाळी आठला शिट्टी वाजवून सगळ्यांना बाहेर काढायचा आणि शेवटच्या माणसाला म्हणायचा, "उद्या या."

काय ते दिवस होते, मित्रांनो! सकाळी फिरायला येणारे म्हातारे. शाळा सुटल्यावर धावत येणारी मुलं, जी मला कधी नीट उघडू द्यायची नाहीत, फटीतूनच आत शिरायची. आणि दुपारी विड्या वळणाऱ्या बायका. त्यांची घरं जवळच्या वस्तीत, एका खोलीची, पत्र्याची. उन्हाळ्यात त्या खोलीत बसवत नाही. तेव्हा त्या पानांनी आणि तंबाखूनं भरलेली सुपं घेऊन झाडाखाली बसायच्या. तेलुगूत, कानडीत, मराठीत त्यांच्या गप्पा चालायच्या आणि बोटं एकसारखी विड्या वळत राहायची. एकदा बागेला बक्षीस मिळालं. त्याची पितळी पाटी माझ्यावर लावली. रहिमतुल्ला ती पाटी दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी चिंचेनं घासायचा.

पुढे हळूहळू काहीतरी आटत गेलं. एक माळी निवृत्त झाला, त्याच्या जागी कोणी आलं नाही. मग दुसरा गेला. पाचाचे तीन झाले, तिनाचा एकही उरला नाही. मला रंग द्यायचं थांबलं. घसरगुंडीचा पत्रा फाटला, तो तसाच राहिला. रहिमतुल्ला एकटाच झाडायचा, पाणी सोडायचा, फांद्या छाटायचा. पण बाग उघडी होती आणि सावली होती, त्यामुळे लोकांची फारशी तक्रार नव्हती.

आता ज्यांच्यासाठी मी हे सांगतो आहे, त्यांची ओळख करून देतो.

वीरभद्रप्पा गिरणीत कापड विणायचा साचा चालवायचे. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच वर्षं हमाली केली. सत्तरी जवळ आली आणि त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. डॉक्टरांनी त्यांची पत्नी बसव्वा हिला सांगितलं, की यांना रोज सपाट जागेवर चालवा, नाहीतर हे अंथरुणाला खिळतील. बसव्वा विड्या वळणाऱ्या बायकांपैकीच एक. ती रोज सकाळी सहाला नवऱ्याला घेऊन यायची. ते आधी डाव्या हातानं माझा गज धरायचे, दम घ्यायचे, मग आत पाऊल टाकायचे. पहिल्या दिवशी ते पहिल्या निंबापर्यंत गेले आणि परत आले. दोन वर्षांत ते पूर्ण फेरी मारू लागले. चारशे मीटरला त्यांना पाऊण तास लागायचा.

आणि प्रियंका. ती सांगोल्याकडची, मेंढरं पाळणाऱ्या घरातली. पोलीस भरतीची तयारी करायला ती सोलापुरात मावशीकडे राहिली होती. मुलींना भरतीत आठशे मीटर पळावं लागतं. म्हणजे निंबवनाच्या दोन फेऱ्या. ती वीरभद्रप्पांना दर फेरीत मागे टाकायची, आणि प्रत्येक वेळी "आज्जा, चला चला" म्हणायची. ते बोलू शकत नव्हते. पण डावा हात थोडा वर करायचे.

दोन वर्षांपूर्वी मार्चच्या सुरुवातीला एक गाडी माझ्यापुढे थांबली. दोन माणसं उतरली. त्यांनी माझ्यावर खळ लावली, एक कागद चिकटवला आणि निघून गेली. रहिमतुल्ला उर्दू शाळेत शिकलेला. सरकारी मराठी त्याला वाचायला जड जायची. त्यानं फेरी मारून आलेल्या प्रियंकाला हाक मारली. तिनं घाम पुसत मोठ्यानं वाचलं, की शासकीय खर्चात काटकसर करण्याच्या धोरणास अनुसरून सदर उद्यान एक एप्रिलपासून पुढील आदेश होईपर्यंत जनतेसाठी बंद ठेवण्यात येत आहे.

"म्हंजी किती दिवस?" रहिमतुल्लानं विचारलं.

"ते लिहिलं न्हाय, चाचा," प्रियंका म्हणाली.

त्या रविवारी माझ्यासमोर दीड-दोनशे माणसं जमली. इतकी माणसं मी एका वेळी कधी पाहिली नव्हती. सगळेच एका मताचे होते असं मात्र नाही. पलीकडच्या सोसायटीतले एक गृहस्थ म्हणाले, बरंच झालं, कोपऱ्यात पोरं सिगारेटी ओढत बसतात. दुसरे कोणी म्हणाले, सरकारकडे पैसा नसेल तर बागा काय चाटायच्या? त्यावर बाचाबाची झाली. काही तरुणांनी रस्ता अडवायची भाषा केली. प्रियंका मात्र एका बाजूला बसून अर्ज लिहीत होती. तो अर्ज माझ्याच पट्टीवर ठेवून लोकांनी सह्या केल्या. विडीवाल्या बायकांनी अंगठे उमटवले. आठवडाभरात अकराशे सह्या झाल्या.

तेव्हा खात्याचे एक साहेब लोकांशी बोलायला आले. ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं, की तिजोरीत तूट आहे. अशा नऊ बागा बंद होणार आहेत, एकट्या निंबवनावर राग नाही. दवाखान्यांत औषधं कमी आहेत, शाळांची छपरं गळतात. मग तुम्हीच सांगा, ते म्हणाले, आधी दवाखाना की आधी बाग?

काहींनी माना डोलावल्या. मलाही वाटलं, साहेबांचं बरोबर असावं. तेवढ्यात बसव्वा पुढे आली. तिनं वीरभद्रप्पांचा हात धरला होता.

"दवाखान्याला द्या की, साहेब. आमी नको म्हनत न्हाय," ती म्हणाली. "पन माज्या मालकाचा दवाखाना ह्योच हाय. डाक्टरनं गोळ्या लिवल्या, आनि खाली लिवलं, रोज सपाट जागंवर चालवा. गोळ्या दुकानात मिळत्यात. सपाट जागा कुटं मिळती, तेवडं सांगा."

साहेबांनी वीरभद्रप्पांकडे पाहिलं. तुमचं म्हणणं वर कळवतो, असं म्हणून ते गेले. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी वरिष्ठांकडे पाठवला आहे, एवढंच त्यात होतं.

एकतीस मार्चच्या संध्याकाळी आठला रहिमतुल्लानं शिट्टी वाजवली. माणसं नेहमीसारखी लगबगीनं बाहेर पडली नाहीत. कोणी झाडाला हात लावत होतं, कोणी फाटक्या घसरगुंडीचा फोटो काढत होतं. शेवटचा माणूस बाहेर पडला. रहिमतुल्लानं मला ओढून घेतलं. त्या दिवशी तो "उद्या या" म्हणाला नाही.

त्याआधी दोन दिवस वस्तीतल्या काहींनी त्याला बाजूला घेतलं होतं. चावीची नक्कल करून ठेव, ते म्हणाले, खात्याला कुठं कळणार आहे? झाडांना पाणी तरी घालता येईल. रहिमतुल्लानं कमरेची चावी हातात घेतली. मग म्हणाला, "तीस वर्सं चावी माज्याकडं हाय, ती भरोशावर हाय. चोरून ठेवली तर मी कसला माळी?"

एक एप्रिलला सकाळी खात्याची माणसं साखळी आणि कुलूप घेऊन आली. रहिमतुल्लानं कमरेची चावी काढून दिली. घरी ठेवलेली दुसरी चावीही त्यानं रुमालात बांधून आणली होती, तीही दिली. मग त्यानं एक विनंती केली. मला पगार नको, दिवसाआड फक्त दोन तास आत सोडा, पंप चालू राहू द्या, मी पाणी घालतो. ती माणसं म्हणाली, विजेची जोडणी तोडायचा आदेश आहे, आमच्या हातात काही नाही. त्यांनी माझ्या दोन्ही झडपांतून साखळी ओवली. गजांवरून साखळी ओढली जाते तेव्हा कसा आवाज येतो, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मित्रांनो, इतकी वर्षं मला वाटायचं की मी बागेचा राखणदार आहे. त्या दिवसापासून मी बाग आणि माणसं यांच्यामधला अडथळा झालो. मला हवं असो वा नसो.

पहिल्या आठवड्यात रोज घोषणा झाल्या. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, साखळीसकट. दुसऱ्या आठवड्यात निम्मी माणसं आली. मग परीक्षा आल्या, लग्नसराई आली, ऊन वाढलं. माणसांना पोटापाण्याची कामं असतात. मी त्यांना दोष देत नाही. मेच्या मध्याला माझ्यासमोर रोज येणारी चारच माणसं उरली. रहिमतुल्ला, सायराबानू, बसव्वा आणि वीरभद्रप्पा. प्रियंका यायची, पण ती पळून जायची, थांबायची नाही. आत जायला वाट नसल्यामुळे ती कुंपणाच्या कडेनं मुरमातून पळत होती.

रहिमतुल्लाला मार्केट यार्डात कांद्याची पोती शिवायचं काम मिळालं होतं. कामावर जायच्या आधी तो यायचा. आतली झाडं पानं टाकायला लागली होती. निंब सहजासहजी मरत नाही. पण खाली सगळा खडक, आणि मुळांना वर्षानुवर्षं पंपाच्या पाण्याची सवय. एका सकाळी सायराबानू कमरेवर घागर घेऊन आली आणि तिनं माझ्या गजांतून पाणी आत ओतलं. पाणी फूटभर पुढे गेलं आणि मुरमात जिरलं.

मग रहिमतुल्लानं लांब वेळू आणला. गजांतून हात घालून, पोटावर पडून, वेळूच्या टोकानं त्यानं एक चर ओढायला सुरुवात केली. तीन सकाळी तो तेच करत होता. चर पहिल्या निंबापर्यंत पोचला, तिथून दोन्हीकडे फुटला. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण वस्तीतल्या बायका आपल्या साठ्यातून एकेक घागर आणायच्या. भांडी घासलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणीही आणायच्या. ते सगळं पाणी अकरा झाडांना पोचायचं. बाराव्या झाडाला पोचत नव्हतं. रहिमतुल्ला गजांना गाल लावून त्या बाराव्या झाडाकडे बघत राहायचा.

वीरभद्रप्पांना बाग बंद झाल्याचं समजलंच नाही. झटक्यानंतर काही गोष्टी त्यांच्या ध्यानात राहत नसत. ते रोज सहाला यायचे, डाव्या हातानं गज धरायचे, दम घ्यायचे आणि ढकलायचे. साखळी खणखणायची. बसव्वा सांगायची, बंद हाय, चला. ते तिच्याकडे बघायचे आणि पुन्हा ढकलायचे. मित्रांनो, त्या वेळी मला स्वतःचं लोखंड नकोसं झालं. एका म्हाताऱ्याच्या एका हाताएवढं तरी मला उघडता यावं असं वाटायचं. पण साखळी माझ्यापेक्षा नवी होती.

बसव्वा त्यांना रस्त्याच्या कडेनं चालवू लागली. जूनच्या पहिल्या आठवड्यात सिमेंटच्या गोण्यांनी भरलेला एक ट्रक मागून आला आणि त्यानं जोरात हॉर्न दिला. वीरभद्रप्पा दचकले. त्यांचा पाय खडीवर घसरला आणि ते उजव्या अंगावर पडले. ट्रक त्यांना लागला नव्हता. ते माझ्यापासून वीस पावलांवर पडले होते. बसव्वा त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रहिमतुल्लानं रिक्षा थांबवली. खुब्याचं हाड मोडलं होतं.

त्यानंतर प्रियंकाच्या मावशीनं तिचं रस्त्याकडेला पळणं बंद केलं. तिला परत सांगोल्याला पाठवलं. जायच्या आधी ती आली आणि अर्जाची एक प्रत सायराबानूच्या हातात देऊन गेली. त्या वर्षीच्या भरतीत थोड्या सेकंदांनी तिचं राहिलं, असं नंतर मावशीकडून कळलं. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत नाही.

पाऊस त्या वर्षी नुसता शिंपडून गेला. अकरा झाडांना पालवी आली. मागची झाडं उभी होती, पण काळी पडली होती. एके सकाळी वस्तीतला एक माणूस रहिमतुल्लाला सगळ्यांसमोर म्हणाला, "तवा चावी ठिवली असती तर आज ही झाडं मेली नसती. तुजी इमानदारी झाडांना महागात पडली." रहिमतुल्लानं वेळू कुंपणाला टेकवून ठेवला आणि तो निघून गेला. मग कितीतरी दिवस तो आला नाही. सायराबानू एकटीच घागर घेऊन यायची.

श्रावणात एका सकाळी बसव्वा सहाला आली. तिच्याबरोबर कोणी नव्हतं. तिला बघून मी समजलो, वीरभद्रप्पा अंथरुणातून उठलेच नाहीत, गेले. सायराबानूनं घागर खाली ठेवली आणि तिचा हात धरला. थोड्या वेळानं बसव्वानं ती घागर उचलली, गजांतून ओतली आणि पाणी चरातून पहिल्या निंबापर्यंत जाईस्तोवर बघत राहिली. वीरभद्रप्पा पहिल्या दिवशी तिथपर्यंतच चालले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती सहाला येऊन माझ्यासमोर बसू लागली. हातात फलक नाही, घोषणा नाही. सूप मांडीवर घेऊन ती विड्या वळायची. नवऱ्याला चालवायची तेवढा वेळ बसायची आणि उठून जायची. पंधरा-वीस दिवस ती एकटीच होती. मग शेजारची एक बाई येऊन बसली, मग आणखी दोघी. दिवाळीपर्यंत तीसेक बायका रोज माझ्यासमोर सुपं घेऊन बसू लागल्या. रस्त्यानं जाणारे विचारायचे, काय चाललंय? बसव्वा सांगायची, बाग उघडायची वाट बघतोय.

हिवाळा गेला. दुसरा उन्हाळा आला. बायका हलल्या नाहीत. कोणीतरी त्यांचा व्हिडिओ काढला, तो पुष्कळ लोकांनी पाहिला. मग इतर ठिकाणच्या बंद बागांसमोरही माणसं बसू लागल्याचं ऐकलं. शेवटी तेच साहेब पुन्हा आले. ते बायकांसमोर जमिनीवर बसले. तुम्हाला नक्की काय पाहिजे, त्यांनी विचारलं.

"पंप चालू करा आनि कुलूप काढा," बसव्वा म्हणाली. "झाडलोट आमी करतो."

साहेबांनी तिच्या नवऱ्याची विचारपूस केली. ते गेल्याचं बसव्वानं सांगितलं. साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि रुमालानं पुसला.

चौदा महिन्यांनी माझी साखळी निघाली. बाग सकाळी सहा ते नऊ उघडी ठेवायचा हुकूम झाला. माळ्याची जागा मात्र पुन्हा भरली नाही. ठेकेदाराचा माणूस येतो, उघडतो, बंद करतो. त्याला झाडांची नावं माहीत नाहीत, पण माणूस भला आहे.

उघडल्याच्या दिवशी सायराबानूनं रहिमतुल्लाला हाताला धरून आणलं. तो थकलेला दिसत होता. आत गेला आणि एकेका झाडाजवळ थांबत, सालीवर नख ओढून बघत, सगळी फेरी चालला. आत हिरवं दिसलं तर ते झाड जिवंत. चारशेतली एकशे सदतीस झाडं जिवंत निघाली. बाहेर येताना तो माझ्याजवळ थांबला. बसव्वा तिथेच होती. तिनं त्याला म्हटलं, लोकांचं बोलणं मनावर घेऊ नकोस, भाऊ.

"चावी मी दिली ते बरोबर दिली, बसव्वाक्का," तो म्हणाला. "आज बी देईन. पन झाडाला काय ठाऊक, बरोबर काय असतंय. त्याला पानी ठाऊक."

मग तो कांद्याच्या पोत्यांकडे कामाला निघून गेला.

मित्रांनो, आता मी रोज तीन तास उघडा असतो. विड्या वळणाऱ्या बायकांना सावली लागते ती दुपारी. तेव्हा मी बंद असतो. त्या कुंपणाबाहेर, रस्त्यावर झुकलेल्या फांदीखाली बसतात. दुपारीही उघडा म्हणून त्यांचा नवा अर्ज गेला आहे. मेलेली झाडं कापून नेली. त्यांच्या जागी रोपं लावायची परवानगी बायकांनी मिळवली आहे. खड्डे त्यांनी स्वतः खणले.

तंगी कोणाच्याही घरात येते, राज्याच्याही येते. तेव्हा कुठेतरी हात आखडावाच लागतो, हे मी नाकारत नाही. माझं मागणं एवढंच आहे. कुठे आखडायचा ते ठरवताना एकदा तिथे जाऊन उभे राहा. सकाळी सहाला कोण येतं, दुपारी कोण बसतं, ते बघा. जे मोठ्यानं ओरडू शकत नाहीत, त्यांचं आधी काढून घेऊ नका. आणि तुमच्या गावातल्या एखाद्या बागेला कुलूप लागलंच, तर पहिल्या रविवारी जा, पण दहाव्या रविवारीही जा. पहिल्या रविवारी माझ्यासमोर दोनशे माणसं होती. वीरभद्रप्पा पडले, तेव्हा त्यांना उचलायला रस्त्यावर दोघंच होती.

जाताना आपल्या पाण्याच्या बाटलीत झाडांसाठी थोडं पाणी शिल्लक ठेवा. गजांतून हात आत जातो.